एमजीबीसाठी तीन भागांचा क्लच संच: इंजिनच्या बांधणीनंतर बसवून पाहिलेला

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनची पूर्ण बांधणी झाल्यावर त्यासोबत बसवण्यासाठी मी जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून तीन भागांचा क्लच संच घेतला आणि तो बसवून, रुळवून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. संचात प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला इंजिनमागच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरणारी), क्लच प्लेट आणि ग्रॅफाइटचे रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर ही पकड सोडवणारे) असे तीन मुख्य भाग आहेत. जोडीला प्लॅस्टिकचे एक सेंटरिंग टूल आणि सूचनांचा एक घडीचा कागद मिळतो. माझे मत आधीच सांगतो: मुख्य तीन भागांबद्दल तक्रार नाही, सेंटरिंग टूल मात्र वापरण्याच्या लायकीचे नाही, आणि ‘संपूर्ण संच’ असे लेबल लावून जे विकले जाते त्यात या कामाला हमखास लागणाऱ्या काही वस्तू नाहीत. खोक्यावर फक्त विक्रेत्याचे लेबल असून भागांवर निर्मात्याचा शिक्का कोठेही नाही, त्यामुळे नाव सांगत बसण्यापेक्षा भाग हातात आल्यावर काय तपासावे आणि बसवताना ते कसे वागले हे सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल.

या गाडीत क्लचचा प्रश्न इतका नाजूक का, हे मालकांना ठाऊक असले तरी नव्याने या कामात पडणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबीत १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे बी-सीरीज इंजिन आहे, आणि तिच्या बॉडीची रचना अशी की गिअरबॉक्स एकटा खालून उतरवता येत नाही. क्लचपर्यंत पोहोचायचे तर इंजिन वर उचलावेच लागते, मग ते एकटे काढा किंवा गिअरबॉक्ससह. इंजिन बांधणीसाठी बाहेर आलेले असताना जुना क्लच ‘अजून चालेल’ म्हणून परत बसवणे मला म्हणूनच पटत नाही. चालेल की नाही याचा निकाल लागेपर्यंत सगळी जुळवाजुळव पुन्हा उलगडण्याची वेळ आलेली असते.

संच मागवतानाच एक खबरदारी घ्यावी लागते आणि विक्रेत्याच्या यादीत ती ठळकपणे दिलेली नाही. सुरुवातीच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर टाकताना दातांचा वेग जुळवणारी योजना) नव्हता. १९६७ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या श्रेणीपासून चारही गिअरना सिंक्रोमेश असलेला गिअरबॉक्स आला आणि त्याच्याबरोबर फ्लायव्हील, इंजिनची मागची प्लेट, स्टार्टर असे बरेच काही बदलले. यादीत संच गाडीच्या सालाप्रमाणे लावलेले आहेत. मात्र एवढ्या वर्षांत कोणत्या गाडीत कोणते इंजिन आणि कोणता गिअरबॉक्स येऊन बसला असेल, हे कागदपत्रांवरून कळत नाही. स्वतःच्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरील (इंजिनकडून फिरणाऱ्या दांड्यावरील) स्प्लाइनचे, म्हणजे उभ्या खाचांचे, दात मोजावेत, त्याचा व्यास घ्यावा आणि त्यावरून संच मागवावा. विक्रेत्याला ही मापे कळवल्यावर त्याने योग्य संच पाठवला, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

दुसरी खबरदारी वेळेची आहे. बांधणीच्या वेळी क्रँकशाफ्ट, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स करून घेणार असाल, तर क्लच संच त्याआधीच हातात असायला हवा. जुन्या प्रेशर प्लेटसह बॅलन्स केलेला जोड नवी प्लेट लावली की तसा राहीलच याची खात्री देता येत नाही. संचातील प्रेशर प्लेट वर्कशॉपला फ्लायव्हीलसोबतच द्यावी आणि दोघांवर जुळणीच्या खुणा करून घ्याव्यात. माझ्या संचातील प्रेशर प्लेटला अगदी किरकोळ दुरुस्ती लागली, यावरून ती कारखान्यातून बऱ्यापैकी बॅलन्स होऊन आली असावी असे मी समजतो.

आता भागांकडे वळू. प्रेशर प्लेट ८ इंची, डायफ्रॅम स्प्रिंगची आहे. घासणारा पृष्ठभाग सपाट निघाला. त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून मागून प्रकाश टाकला तेव्हा कोठेही फट दिसली नाही. डायफ्रॅमच्या पाकळ्या एका पातळीत आहेत आणि मधली थ्रस्ट रिंग समांतर बसली आहे. गंज येऊ नये म्हणून लावलेले तेल मात्र जाडसर आहे, आणि ते पुसण्याची सूचना त्या कागदावर नाही. ब्रेक क्लीनरने ते पूर्ण काढून, कोरड्या फडक्याने पुसून मगच प्लेट वापरावी. हे तेल क्लच प्लेटच्या लायनिंगमध्ये, म्हणजे घर्षणाच्या थरात, मुरले तर गाडी उठताना थरथरते आणि मग दोष उगाच प्लेटच्या माथी येतो.

क्लच प्लेटचे लायनिंग रिबिटांनी बसवलेले आहे आणि रिबिटांची डोकी पृष्ठभागाच्या पुरेशी खाली आहेत. हबच्या (प्लेटच्या मधल्या भागाच्या) स्प्रिंगा घट्ट आहेत, हाताने हलवल्यास खुळखुळत नाहीत. सर्वांत महत्त्वाची चाचणी म्हणजे प्लेट कोरड्या इनपुट शाफ्टवर सरकवून पाहणे. ती टोकापासून मुळापर्यंत स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे आणि बोटांनी फिरवल्यास कळेल-न-कळेल इतकीच मोकळीक जाणवली पाहिजे. माझ्या प्लेटला स्प्लाइनच्या एका कडेवर बारीक कोर होती. बारीक कानशीने ती काढल्यावर प्लेट सहज सरकू लागली. हा दोष मोठा नव्हे, पण न तपासता बसवली असती तर क्लच पूर्ण सुटला नसता आणि त्याचे कारण शोधायला इंजिन पुन्हा वर घ्यावे लागले असते. कोणती बाजू फ्लायव्हीलकडे ठेवायची हे प्लेटवर ठळक छापलेले आहे, हे चांगले केले आहे.

संचात पायलट बुश नाही, आणि ही उणीव मला सगळ्यांत जास्त खटकली. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकात बसणारे हे छिद्रिल कांस्याचे बुश इनपुट शाफ्टचे टोक सांभाळते. क्लच दाबलेला असताना इंजिन फिरत असते आणि शाफ्ट थांबलेला असतो, तेव्हा या दोघांमधली सारी घसट तेच सोसते. नवे इंजिन, नवा क्लच आणि मध्ये जुने झिजलेले बुश हा जोड कोणी जाणूनबुजून करणार नाही. जुने बुश काढायला त्याच्या पोकळीत घट्ट ग्रीस भरून, नेमक्या व्यासाचा दांडा त्यात घालून हातोडीने ठोकावे. ग्रीसचा दाब बुशला मागून ढकलतो आणि ते बाहेर येते. नवे बुश बसवण्याआधी त्यात इंजिन ऑइल मुरवून घ्यावे लागते. बुशचे एक भोक अंगठ्याने बंद करून आत तेल भरावे आणि दुसऱ्या अंगठ्याने दाबावे. थोड्या वेळाने बुशच्या बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब घामासारखे फुटू लागतात. तसे झाले की बुश तयार झाले असे समजावे.

फ्लायव्हीलबद्दल फार लिहीत नाही, कारण तो संचाचा भाग नव्हे. घासणाऱ्या पृष्ठभागावर निळे डाग किंवा उष्णतेच्या बारीक भेगा असतील तर तो वर्कशॉपमध्ये हलका घासून घ्यावा, बसवल्यावर डायल गेजने डोल तपासावा, आणि बोल्ट ४० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ५४ न्यूटन-मीटरला आवळून लॉकची पत्री नवी वापरावी. ही पत्रीही संचात नाही. नंतर आलेल्या पाच मेन बेअरिंगच्या इंजिनात मागे रबरी ऑइल सील असते, तर १९६४ पर्यंतच्या तीन बेअरिंगच्या इंजिनात तेल परत फिरवणारे आटे असतात. सील असलेल्या इंजिनात ते बांधणीच्या वेळीच नवे घातलेले असावे, नाहीतर कितीही चांगले लायनिंग तेलाने भिजून वाया जाते.

आता सेंटरिंग टूलविषयी. क्लच प्लेट आणि फ्लायव्हील एकाच मध्यावर आले तरच गिअरबॉक्सचा शाफ्ट प्लेटमधून जाऊन पुढे बुशात शिरतो, आणि हे साधणे एवढेच या टूलचे काम आहे. संचातील टूलचे पुढचे टोक बुशात सैल पडते आणि स्प्लाइनचा भाग हबमध्येही ढिला आहे. दोन्हीकडची मोकळीक एकत्र झाली की प्लेट स्वतःच्या वजनाने खाली बसते, आणि टूल सरळ दिसत असतानाही प्लेटचा मध्य खाली गेलेला असतो. प्रेशर प्लेट आवळल्यावर हा फरक कायमचा होतो. टूलच्या टोकाला चिकटपट्टीचे वेढे देऊन काही जण काम भागवतात; मी मात्र एका भंगारातल्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मिळवून तोच वापरला. तोही मिळाला नाही तर लेथवर स्टीलचा दांडा कातून घ्यावा. त्याचे एक टोक बुशात आणि दुसरा टप्पा हबच्या आतल्या व्यासात नेमके बसले की झाले. दात पाडण्याची गरज नाही. ज्या विक्रेत्याने प्रेशर प्लेट इतकी व्यवस्थित दिली, त्याने हे खेळणे खोक्यात का टाकावे हे समजत नाही. तक्रार कळवल्यावर उत्तर आले की टूल ‘केवळ सोय म्हणून’ दिले जाते. सोय म्हणून दिलेल्या वस्तूने काम बिघडत असेल तर ती न दिलेलीच बरी.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा देत आवळावेत म्हणजे डायफ्रॅमवर तिरका ताण येत नाही. शेवटचे माप २५ ते ३० फूट-पौंड, म्हणजे ३४ ते ४१ न्यूटन-मीटर. बोल्ट इंची आट्यांचे आहेत, संचात येत नाहीत; हाताशी आलेला मिलिमीटर मापाचा बोल्ट एखाद-दोन आटे आत जातो आणि मग अडकतो, तेव्हा तो पान्याने रेटू नये. स्प्लाइनवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा आणि प्लेट एकदा मागे-पुढे सरकवून कडेला जमलेले ग्रीस पुसून टाकावे.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडण्याचा टप्पा हाच या संचाची खरी परीक्षा घेणारा होता. इंजिन साखळीच्या पुलीला टांगलेले आणि गिअरबॉक्स जॅकवर टेकवलेला असताना दोघांचा उतार सारखा करावा लागतो. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचे क्लचभोवतीचे घंटेसारखे आवरण) आणि इंजिनची मागची प्लेट यांच्यातली फट वर, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखी दिसेपर्यंत पुढे ढकलू नये. गिअरबॉक्स गिअरमध्ये टाकून मागची फ्लँज हाताने हळूहळू फिरवली की स्प्लाइन एकमेकांत येतात. त्यानंतर शाफ्टचे टोक बुशाशी पोहोचते आणि तेथे काम थोडे अडखळते. प्लेट मध्यावर असेल तर इंजिन किंचित हलवताच उरलेली फट हाताच्या रेट्याने मिटते आणि डॉवेल (जागा जुळवणाऱ्या खुंट्या) आपापल्या भोकांत बसतात. माझ्याकडे तसेच झाले, आणि त्याचे श्रेय हबच्या नेमक्या कातकामाला आणि उसन्या शाफ्टला आहे. फट बोटभर राहिली तर बोल्ट लावून ओढून घेण्याचा मोह फार होतो. तो टाळावाच, कारण त्या ओढीत प्लेटचा हब वाकतो किंवा बुश चेपते. तसेच या मधल्या अवस्थेत इंजिनाचा किंवा गिअरबॉक्सचा भार क्षणभरही शाफ्टवर लोंबकळू देऊ नये. वाकलेला हब डोळ्यांना दिसत नाही, मात्र पुढे क्लच दाबूनही प्लेट फिरतच राहते.

पुढची जुळणी संचाशी थेट संबंधित नसली तरी तिच्यातल्या उणिवा क्लचच्या नावावर जमा होतात, म्हणून थोडे लिहितो. गिअरबॉक्सखालचा आडवा आधार परत बसवणे हे या गाडीतले कुप्रसिद्ध किचकट काम. रबरी माउंटिंग आणि आधार आधीच ढिले जोडून ठेवले आणि सगळे बोल्ट लागल्यावरच आवळले तर चिडचिड कमी होते. प्रॉपेलर शाफ्ट काढताना फ्लँजवर केलेल्या खुणा जुळवून लावावा, दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत असल्याची खात्री करावी आणि नायलॉक नट नवे घ्यावेत. योक एका दाताने फिरले तर विशिष्ट वेगाला येणारी धडधड नव्या क्लचची वाटते आणि तपासाची दिशाच चुकते. गिअरबॉक्सात, ओव्हरड्राइव्ह असो वा नसो, २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच घालायचे असते; सवयीने गिअर ऑइल ओतू नये. गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यातली अर्थिंगची पट्टी विसरली गेली तर स्टार्टरचा प्रवाह चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून चिकटते.

हायड्रॉलिकच्या बाबतीत संच पूर्ण मौन पाळतो. स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लचचा फोर्क, म्हणजे बेअरिंग ढकलणारा दांडा, हलवणारा) बेलहाउसिंगवरून सोडून नळीसह बाजूला बांधून ठेवला असेल तर त्या काळात पेडल दाबू नये, अन्यथा पिस्टन बाहेर येतो. सिस्टिममधली हवा काढल्यावर स्लेव्हचा पुश रॉड किती सरकतो ते मोजावे. किमान अर्धा इंच, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर हवा. तो कमी भरला तर आधी पेडलजवळची आणि फोर्ककडची क्लेव्हिस पिन पाहावी. या पिना आणि त्यांची भोके अंडाकृती झिजतात, आणि प्रत्येक ठिकाणची थोडी-थोडी मोकळीक मिळून पेडलचा निम्मा प्रवास खाऊन टाकते. अशा वेळी नवा क्लच ‘सुटत नाही’ म्हणून परत पाठवणाऱ्यांची मला कीव येते, आणि विक्रेत्याचीही.

चालवताना क्लच कसा वाटतो? पेडल मूळच्या क्लचपेक्षा जड झालेले नाही. पकडण्याचा बिंदू पेडलच्या मधल्या भागात आणि स्पष्ट आहे. पहिले काही शे किलोमीटर चढावर धरून ठेवणे, जोरात उचलणे हे प्रकार टाळले. नव्या इंजिनालाही तशीच शिस्त हवी असल्याने त्यात वेगळे काही करावे लागले नाही. सुरुवातीला थंड गाडी उठताना हलकी थरथर होती, लायनिंग बसल्यावर ती गेली. टॉप गिअरमध्ये चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिनाचा वेग गाडीला सोडून एकटा वाढत नाही. सुटण्याची परीक्षा रिव्हर्स गिअरवर घ्यावी, कारण त्याला सिंक्रोमेश नसतो. इंजिन गरम आणि निष्क्रिय वेगात असताना पेडल पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावे आणि रिव्हर्स टाकावा. दात करकरले तर प्लेट अजून फिरते आहे. या संचाने ती परीक्षा गरम आणि थंड दोन्ही अवस्थांत पार केली.

राहिले रिलीज बेअरिंग. हाच विक्रेता हाच संच ग्रॅफाइटऐवजी रोलर बेअरिंगसह थोड्या जास्त किमतीत विकतो आणि ती सुधारित आवृत्ती असल्याचे सांगतो, त्यामुळे घेणाऱ्याचा गोंधळ होतो. या गाडीत बेअरिंग सरळ रेषेत सरकत नाही. ते फोर्कच्या टोकावर बसलेले असते आणि फोर्क फिरला की कंसातून पुढे जाते, म्हणजे थ्रस्ट रिंगवर टेकल्यावर त्याचा मध्य किंचित बाजूला सरकतो. ग्रॅफाइटची कडी त्या रिंगवर सहज घसरते आणि हा फरक पचवते. रोलर बेअरिंगची बाहेरची कडी रिंगबरोबर फिरू लागते आणि सरकणाऱ्या मध्याची ओढ त्याच्या अंगावर येते. म्हणून मी ग्रॅफाइट निवडले. माझ्या बेअरिंगमधली कडी धातूच्या वाटीत घट्ट, तडा नसलेली आणि समतल होती. फोर्कला धरून ठेवणाऱ्या दोन स्प्रिंग क्लिपा मात्र खोक्यात नव्हत्या. जुन्या क्लिपा ढिल्या पडतात, तेव्हा नव्या लावाव्यात; मागितल्यावर विक्रेत्याने त्या वेगळ्या पाठवल्या, पण त्या संचातच असायला हव्या होत्या. ग्रॅफाइटला एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे पेडलवर टेकलेला पाय. सिग्नलला गिअरमध्ये ठेवून क्लच दाबून थांबण्याची ज्याला सवय आहे, त्याने न्यूट्रल करून पाय काढण्याची सवय लावून घ्यावी. कडी संपली की थ्रस्ट रिंगवर धातूची वाटी घासू लागते, आणि ती बदलायला इंजिन पुन्हा साखळीला टांगावे लागते.